मागच्या रांगेतलं कॉर्नेट

नोरीन अ‍ॅक्रॉइडला उत्तर इंग्लंडमधल्या थ्रॉस्टलडेन गावात कुणी तोंडावर वाईट म्हणत नसे, कारण तेवढी कुणाची छाती नव्हती. गावातल्या निम्म्या लोकांना तिने शाळेत पितळी वाद्यं फुंकायला शिकवलं होतं आणि उरलेल्या निम्म्यांना फुंकू नका म्हणून सांगितलं होतं. पहिले निम्मे तिला नाताळात कार्ड पाठवत. दुसरे निम्मे ती रस्त्यात दिसली की दुकानात शिरत.

बाप गालिच्यांच्या गिरणीत फोरमन आणि गावच्या ब्रास बँडचा मास्तर. त्यामुळे घरात जेवायला बसलं की ताटात वाटाणे कमी आणि बँडमधली भांडणं जास्त. सोळाव्या वर्षी नोरीन टेनर हॉर्न घेऊन मोठ्यांच्या बँडमध्ये बसली, तिथे बसलेली पहिली मुलगी. त्या संध्याकाळी दोन ट्रॉम्बोनवाले उठून चालते झाले. बाप म्हणाला, जाऊ देत, दोघंही बेसूरच होते. एवढंच कौतुक तिच्या वाट्याला आलं आणि तेवढ्यावर तिने आयुष्य काढलं. लग्नही झालं होतं. नवरा एका शुक्रवारी लीड्सला गेला तो तिकडचाच झाला, पण तो नेमका व्हिटचा शुक्रवार होता, बँडच्या स्पर्धेचा दिवस, म्हणून तिला ते कळायला शनिवार उजाडला.

व्हिटच्या शुक्रवारी बँड एका गावातून दुसऱ्या गावात जातात, गल्लीतून मार्च करतात आणि चौकात उभं राहून स्पर्धेचं वाजवतात. पंच असतो, पण तो एका बंद कॅरव्हॅनमध्ये, पडदे ओढून. कोण वाजवतंय हे त्याला दिसता कामा नये, कळता कामा नये. त्याने फक्त ऐकायचं. यातूनच एक रीत पडून गेलेली आहे, जी सगळे पाळतात आणि कुणी बोलून दाखवत नाही. ज्या पोराचा सूर हलतो त्याच्या हातात कॉर्नेट, म्हणजे बुटकं ट्रम्पेट, देऊन मास्तर हळूच सांगतो: ओठाला लाव, कळा दाब, पण फुंकू नकोस. रांग भरलेली दिसते, आईबाप टाळ्या पिटतात आणि पंचाच्या कानाला त्रास होत नाही. नोरीनने ही रीत बापाकडून उचलली आणि पस्तीस वर्षं शाळेच्या बँडमध्ये चालवली. लाज वगैरे तिला कधी वाटली नाही. गप्प बसता येणं हाही वादनाचाच भाग आहे, असं ती म्हणे. आणि गंमत म्हणजे त्यात थोडं तथ्यही होतं.

मग दोन वर्षांपूर्वी शाळेत उपमुख्याध्यापक म्हणून रसेल टनिक्लिफ आला. मूळ याच गावचा. पंधरा वर्षं मँचेस्टरला काढून दाढी आणि मतं घेऊन परत आलेला. आल्या आल्या त्याने संगीताच्या खोलीचा निम्मा भाग रिकामा करून घेतला, ढोल आणि मोठ्या वाद्यांचे खोके व्हरांड्यात काढले आणि तिथे पंधरा कॉम्प्युटर मांडले. त्यांच्यात संगीत बनवायचा एक प्रोग्राम होता, शाळकरी पोरांसाठी सोपा करून ठेवलेला. पडद्यावर एकाखाली एक आडव्या पट्ट्या. एक ढोलाची, एक पियानोची, एक गिटारची. पट्टीवर रंगीत ठोकळे ओढून ठेवायचे, की ते आपोआप तालात आणि आपोआप सुरात वाजायला लागतात. चूक करायची म्हटलं तरी होत नाही. पोरं त्या तासाला ‘ठोकळे’च म्हणत.

नोरीनला त्या ठोकळ्यांचा मनापासून राग होता. जिथे चूक होऊच शकत नाही तिथे शिकायचं काय, असा तिचा सवाल होता, आणि तो स्टाफरूममध्ये चहा पिताना ती रोज विचारायची, लोक कप घेऊन दुसरीकडे जाईपर्यंत. आठवड्यातून दोन तास तिला हे शिकवावं लागे. तिची शिकवण्याची पद्धत अशी: उघडा, सरकवा, बंद करा. एवढं सांगून ती पाठ फिरवून वह्या तपासत बसे. पोरांना काय, दहा मिनिटांत सगळं कळलं. कुठे दाबलं की एखादी पट्टी गप्प होते, कुठे दाबलं की बाकीच्या गप्प होऊन तेवढी एकच ऐकू येते, कुठे दाबलं की बाईंच्या आवाजाचा बेडूक होतो. हिला दोन वर्षांत लाल बटणाने आवाज भरून घेता येतो, यापलीकडे काही कळलं नाही. शिकायचंच नाही असं ठरवून बसलेल्या मास्तरणीइतका ढ विद्यार्थी जगात नसतो.

फेब्रुवारीत रसेल तिच्या खोलीत आला आणि दार लावून घेतलं. शाळा समितीपुढे तो प्रस्ताव ठेवणार होता. उरलेली निम्मी खोलीही कॉम्प्युटरना द्यायची, जुलैपासून ब्रासचा तास आणि शाळेचा बँड बंद, वाद्यं गावच्या बँडला परत. सातवी-आठवीत मिळून एकशे सत्तर पोरं आहेत आणि त्यातली पंधरा बँडमध्ये आहेत, असं त्याने कागद बघून सांगितलं. बाकीच्या एकशे पंचावन्न जणांनी भिंतीकडे बघत बसायचं का, असंही विचारलं.

नोरीनने त्याचं बोलणं पुरतं होऊ दिलं नाही. ब्रासमधलं तुला काय कळतं, ती म्हणाली. तू या खोलीत कधी श्वास तरी घेतला आहेस का.

“घेतला होता, मिस,” रसेल म्हणाला. पदाने वर चढला तरी तो तिला मिसच म्हणे आणि ते आदरापोटी नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. “तेवढाच घेऊ दिला होतात. चौऱ्याण्णव साली, तिसरं कॉर्नेट, मागची रांग. सहा गल्ल्या चाललो आणि एक सूर फुंकला नाही. माझी आजी मरेपर्यंत लोकांना सांगायची, आमचा रसेल बँडमध्ये काय सुंदर वाजवायचा.”

नोरीनने त्याच्याकडे नीट बघितलं. दाढी वजा करून पाहिली. पण मागच्या रांगेतली पोरं तिला कधीच आठवत नसत, आणि हाही आठवला नाही.

“मग मी बरोबरच सांगितलं असणार,” ती म्हणाली.

रसेलच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने कॉम्प्युटरकडे हात केला आणि म्हणाला, यावर कुणाला गप्प बसवता येत नाही. नोरीन म्हणाली, म्हणून तर इतकं भयंकर ऐकू येतं. तो दार आपटून गेला. त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी फक्त नोटीस बोर्डावरून बोलू लागले.

नोरीनला फार काळजी नव्हती, कारण समितीचा अध्यक्ष बर्नार्ड शॅकलटन होता. निवृत्त बसचालक, पण गावात त्याची ओळख ती नव्हे. पन्नास वर्षं तो गावच्या बँडमध्ये ट्यूबा, सगळ्यात मोठं पितळी वाद्य, वाजवत होता, आणि त्याला तिथे बसवलं नोरीनच्या बापाने. बर्नार्ड ठोकळ्यांच्या बाजूने हात वर करेल यापेक्षा तो रविवारचं रोस्ट सोडून गवत खाईल हे जास्त शक्य होतं. खोली गेली तर तिचं काय राहणार होतं? निवृत्तीला दोन वर्षं होती. ती दोन वर्षं पोरांना ठोकळे सरकवताना बघत काढायची आणि मग बापाने उभं केलेलं सगळं आपल्या हाताने बंद करून घरी जायचं. ती ते होऊ देणार नव्हती.

समितीने ठरवलं की निर्णयाआधी दोन्ही ऐकू. ठोकळ्यांचंही आणि बँडचंही. बैठक संध्याकाळी सहाची आणि पोरांच्या बस साडेतीनला सुटतात, म्हणून बँडचं वादन आधी भरून घ्यायचं ठरलं, त्याच प्रोग्राममध्ये. नोरीनने अट घातली की भरून मी स्वतः घेणार, दुसऱ्या कुणी बोट लावायचं नाही. रसेल कबूल झाला. इतक्या चटकन कबूल झाला की दुसऱ्या कुणाला संशय आला असता. एप्रिलच्या शेवटच्या बुधवारी त्याने एका खोक्यातून आठ माइक आणून दिले.

“आठ स्टँड आहेत, आठ माइक,” तो म्हणाला. “मागच्या स्टँडलाही लावा, मिस. कुणाला वगळल्यासारखं नको.”

बँडमध्ये एका स्टँडवर दोघं बघून वाजवतात. पुढचे सात स्टँड भरलेले होते. आठव्यावर, अगदी मागे, रेडिएटरच्या बाजूला, आयव्ही सटक्लिफ एकटी बसायची. तिचा जोडीदार सप्टेंबरात फुटबॉलकडे गेला होता. नोरीनला तो माइक लावावा की नाही असा प्रश्नसुद्धा पडला नाही. न लावला तर हा माणूस त्याचंही भांडवल करेल, एवढंच तिच्या मनात आलं. तिच्या डोक्यात ती कॅरव्हॅन होती. पंच आत बसतो, त्याच्या कानावर पडतो तो अख्ख्या बँडचा मिळून एक आवाज. आठ माइक काय आणि ऐंशी काय, शेवटी सगळं एकत्रच होणार. मागची पोरगी फुंकत नाही हे कुणाला कळणार? दोन वर्षं ज्या यंत्राकडे पाठ करून बसली, ते यंत्र प्रत्येकाचं वेगळं जपून ठेवतं, हे तिच्या वर्गातल्या कुठल्याही पोराने तिला सांगितलं असतं. तिने विचारलं नाही.

आयव्हीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण नोरीनने तेवढेही कधी खर्च केले नव्हते. आदल्या वर्षी जानेवारीत ती रॉचडेलहून आली. आई बेकरीत कामाला. वर्ष अर्धं झाल्यावर आलेली, म्हणजे ओठ कसे धरायचे, वारा कसा सोडायचा हे सगळं बाकीच्यांचं सप्टेंबरातच शिकून झालेलं. पहिल्याच बुधवारी तिने फुंकलं आणि वासरू हंबरल्यासारखा आवाज निघाला. पोरं खिदळली. व्हिटची स्पर्धा पुढे दिसत होती, नोरीनला वेळ नव्हता. “तू सध्या नुसत्या कळा दाब,” ती म्हणाली, “फुंकायचं नंतर बघू.” आयव्हीने मान डोलावली. त्यानंतर तिने एक बुधवार चुकवला नाही. कॉर्नेट घासूनपुसून आणायची, वेळेवर बसायची, कळा दाबायची, जायची. गुणी पोरगी, काही त्रास नाही, असं नोरीन म्हणे. सव्वा वर्ष होऊन गेलं, पण ते ‘नंतर’ काही आलं नाही.

वादन छान झालं. एक संथ स्तोत्र आणि मग मार्च. मार्चच्या मध्यावर पुढची कॉर्नेटं नेहमीसारखी घाईला आली, ईस्टरपासून ती त्यांना त्यासाठी झापत होती, पण ती लगेच सावरली. लाल बटण तिने स्वतः दाबलं आणि स्वतः बंद केलं. मग एकटीने ऐकलं. आपण तयार केलेला बँड तिने पहिल्यांदाच बाहेरून ऐकला आणि तिला भरून आलं. घरी जाताना तिने हातगाडीवरून खिम्याची पाई आणि वाटाणे घेतले, ग्रेव्ही दुप्पट, आणि बापाच्या फोटोसमोर बसून खाल्ले.

बैठक मेच्या पहिल्या आठवड्यात शाळेच्या लायब्ररीत झाली. समितीची नऊ माणसं, एक मोठी चहाची किटली, बशीत बिस्किटं. आधी ठोकळे वाजले. आठवीतल्या दोन पोरांनी केलेलं काहीतरी. ढोल आला, मग आणखी ढोल आला, मग कुणीतरी खोल विहिरीतून हाका मारल्या. संपल्यावर सगळे सभ्यपणे कपात बघत राहिले.

“आमच्या घरचं वॉशिंग मशीन असंच वाजतं,” बर्नार्ड म्हणाला. “पण ते निदान शेवटी कपडे देतं.”

सगळे हसले. नोरीनही हसली, आणि हसताना रसेलकडे बघायला विसरली नाही. मग बँड वाजला. बर्नार्डने डोळे मिटले आणि त्याचा बूट गालिच्यावर ताल धरू लागला. समितीतल्या शिवणाच्या दुकानवाल्या बाईंनी रुमाल काढला. मार्च संपला तेव्हा दोघातिघांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. नोरीनने मनातल्या मनात पुढच्या वर्षीचं वेळापत्रक लावायला घेतलं.

रसेल उठला. त्याने भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर तो प्रोग्राम लावला. आठ पट्ट्या, एकाखाली एक. सात जाड, काळ्या, गच्च भरलेल्या. आठवी दोऱ्यासारखी बारीक. त्याने ओळखपरेडीत संशयित दाखवावा तसं तिच्यावर बोट ठेवलं आणि सांगितलं की ही पट्टी मागच्या स्टँडची आहे, तिथे बसणारी मुलगी फुंकत नाही, कारण तिला फुंकायची मनाई आहे. आपण या खोलीत मुलांना गप्प बसायला शिकवतो, तो म्हणाला. ते चालू ठेवायचं का, एवढाच प्रश्न आहे.

लायब्ररीत चुळबुळ झाली. पण नोरीन बापाची पोरगी होती. उभी राहिली.

“हो, मीच सांगितलं,” ती म्हणाली. “मी सांगते, माझे वडील सांगायचे, जो बँड उभा करतो तो सांगतोच. बाकीच्या चौदा पोरांनी महिनोन् महिने घाम गाळलेला असतो. एकाच्या हौसेसाठी तो मातीत घालायचा का? चूक होणारच नाही असं खेळणं यांच्याकडे आहे, माझ्याकडे नाही.”

बर्नार्डने मान हलवली. बँडमध्ये हे असंच असतं, रसेल, तो म्हणाला. मी स्वतः दोन मोसम नुसता ट्यूबा धरून उभा होतो. माझी पाठ मोडली, पण बँडला बक्षीस मिळालं. पुन्हा हसू झालं. दोन-तीन माणसं घड्याळाकडे बघू लागली. मत घ्यायचं तेवढं बाकी होतं आणि ते कुठे जाणार हे रसेललाही दिसत होतं.

तेव्हा त्याने आठव्या पट्टीच्या टोकाशी एक टिचकी मारली. बाकीच्या सात पट्ट्या राखाडी झाल्या.

बँड लांब गेला, आयव्हीच्या माइकला ऐकू आला होता तेवढाच उरला. पलीकडच्या गल्लीतून चालल्यासारखा कुठेतरी दूर वाजत राहिला. आणि जवळ, अगदी कानाशी, टक, टक-टक, टक. ओळ संपली की एक छोटासा श्वास. मग पुन्हा टक-टक. शिवणाच्या दुकानवाल्या बाई म्हणाल्या की माइक बिघडलेला दिसतो. कुणीतरी बिस्कीट मोडलं. बर्नार्डने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि खुर्चीत पुढे वाकला.

नोरीनला त्याच्याआधी कळलं. कॉर्नेटच्या कळांचा आवाज होता तो. ती तिसऱ्या कॉर्नेटची ओळ तिला तोंडपाठ होती. वेडीवाकडी, मध्येच उलट्या मात्रेवर येणारी, चांगल्या चांगल्या पोरांना न जमणारी. प्रत्येक टक जिथे पडायला हवी तिथे पडत होती. मार्चच्या मध्यावर दूरचा बँड घाईला आला, पण या कळा घाईला आल्या नाहीत. आपल्या चालीने चालत राहिल्या आणि बँड सावरून परत आला तेव्हा त्या जागेवरच होत्या. शेवटच्या सुराला कळ दाबली गेली, ती पुऱ्या चार मात्रा धरली गेली आणि सोडली गेली.

रसेलला यातलं काही कळलं नव्हतं. त्याला फक्त शांतता ऐकवायची होती. खरं सांगायचं तर त्याला आयव्हीचं काही पडलेलंही नव्हतं. तिला न विचारता तिला नऊ माणसांपुढे उभं करताना त्याला कसला संकोच झाला नाही. त्याला त्याच्या चौऱ्याण्णवच्या सहा गल्ल्यांचा हिशेब चुकता करायचा होता.

“ही कोण?” बर्नार्डने विचारलं. रसेलला नाही, नोरीनला.

“आयव्ही सटक्लिफ.”

“किती दिवस गप्प आहे?”

“सव्वा वर्ष. थोडं जास्तच.”

“मी दोन मोसम गप्प होतो, नोरीन,” बर्नार्ड म्हणाला. त्याच्या आवाजात आता मस्करी नव्हती. “पण तुझे वडील दर गुरुवारी मला एकट्याला बसवून घ्यायचे. अर्धा तास. फुंक म्हणायचे, आणि शिव्या घालायचे, आणि पुन्हा फुंक म्हणायचे. गप्प बसवायचं ते तेवढ्यापुरतं असतं. तू या पोरीला शेवटचं कधी ऐकलंस?”

बापाचे गुरुवार नोरीनला माहीत नव्हते असं नाही. गुरुवारी तो उशिरा घरी यायचा, जेवण गार व्हायचं आणि आई चिडायची. तो कुठे असतो हे तिने कधी विचारलं नव्हतं. रिवाजाचा जो अर्धा भाग सोपा होता तेवढा तिने घेतला होता.

“आठवत नाही,” ती म्हणाली.

मतं पडली. सात रसेलच्या प्रस्तावाच्या बाजूने, दोन विरुद्ध. सातांत बर्नार्डचा हात होता. तो वर करताना तो टेबलाकडे बघत होता आणि नंतर कोट घालून कुणाशी न बोलता निघून गेला.

व्हरांड्यात रसेलने तिला गाठलं. जिंकलेल्या माणसाला हरलेल्याने चांगलं म्हणावं असं वाटतं, तसं त्याला वाटत असावं.

“यात व्यक्तिगत काही नव्हतं, मिस.”

“सगळं व्यक्तिगतच होतं,” नोरीन म्हणाली. “निदान तेवढं तरी खरं बोल. आणि त्या पोरीची माफी मागायला तुझीही जीभ रेटणार नाही, हे मला माहीत आहे.”

ती गाडीत बसली आणि बराच वेळ किल्ली फिरवायची विसरली.

बुधवारी सराव नेहमीसारखा झाला. जुलैपर्यंत तो होणारच होता. बाकीची पोरं वाद्यं पेटीत घालून निघाली तेव्हा नोरीनने आयव्हीला थांबवलं. मार्च काढ म्हणाली, मधला भाग. आयव्हीने कागद काढला, कॉर्नेट ओठाला लावलं आणि कळा दाबायला सुरुवात केली.

“तसं नाही. फुंक.”

आयव्हीने कॉर्नेट खाली घेतलं. “आता कशाला, मिस?”

तिने उद्धटपणे विचारलं नव्हतं. तिला खरंच कळत नव्हतं. नोरीन म्हणाली, मी सांगते म्हणून. आयव्हीने पुन्हा कॉर्नेट लावलं. बोटं अचूक होती, एकूण एक. पण नळीतून नुसती हवा गेली. दुसऱ्यांदाही हवाच. तिसऱ्या वेळी तेच वासरू हंबरलं, आदल्या वर्षीच्या जानेवारीतलं. फुंकणाऱ्याचे ओठ रोजच्या रोज घडवावे लागतात, वर्ष-वर्ष लागतं. हिची बोटं सव्वा वर्ष शिकली होती आणि ओठ पहिल्या दिवशीच थांबले होते.

आयव्हीने बाहीने कॉर्नेटचं तोंड पुसलं.

“बोटं बरोबर होती ना?”

“अगदी बरोबर.”

“मला वाटायचं,” आयव्ही म्हणाली, “बोटं सगळी बरोबर झाली की तुम्ही सांगाल, आता फुंक म्हणून.”

नोरीन म्हणाली की उद्या जेवणाच्या सुट्टीत ये, आपण पहिल्यापासून सुरू करू, रोज ये, जुलैला अजून सात आठवडे आहेत. इतकं सगळं ती या मुलीशी आजवर मिळूनही बोलली नव्हती.

“उद्या नको, मिस,” आयव्ही म्हणाली. “उद्या सुट्टीत टनिक्लिफ सर कॉम्प्युटर उघडे ठेवतात. मी माझं एक करतेय.” तिने कॉर्नेट पेटीत ठेवलं, झाकण लावलं, दोन्ही कड्या दाबून बघितल्या आणि पेटी नोरीनच्या टेबलावर आणून ठेवली. “हे आता परतच करायचं आहे ना? मी पॉलिश केलंय.”

ती बस पकडायला गेली. नोरीन मागच्या स्टँडपाशी, रेडिएटरच्या बाजूच्या त्या खुर्चीवर बसली. पस्तीस वर्षांत आपण आणखी कुणाकुणाला ‘नंतर बघू’ म्हणालो, त्यांची नावं ती आठवून बघू लागली. साफसफाईवाली बाई दिवे बंद करायला आली तरी तिला एकही नाव आठवलं नव्हतं.